तालुक्याच्या न्यायालयात परिविक्षा अधिकाऱ्याचा वार ठरवून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाला तुरुंगात पाठवायचे की गावातच ठेवून त्याच्यावर देखरेख करायची (यालाच परिविक्षा म्हणतात), हा निर्णय आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या तालुका न्यायालयांत बहुधा एका दुपारी होतो. गुन्हा शाबीत होतो, आरोपीचा वकील ‘पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारे आईवडील आहेत’ एवढे बोलतो, सरकारी वकील विरोध करतात आणि शिक्षा लागते. त्या वेळी न्यायाधीशांच्या टेबलावर परिविक्षा अधिकाऱ्याने आरोपीच्या घरी-गावी चौकशी करून दिलेला अहवाल असेल तर निर्णय वेगळा होऊ शकतो. नसेल तर त्यांच्यासमोर दोषारोपपत्राशिवाय काहीच नसते. काटोल, नरखेड, रामटेक, उमरेड, भिवापूर अशा प्रत्येक न्यायालयात परिविक्षा अधिकाऱ्याचा आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा, तो फलकावर लिहावा आणि त्या दिवशी त्याला बसायला टेबल मिळावे, अशी आमची मागणी आहे. मागणी छोटी वाटेल. तिच्यावर किती गोष्टी अवलंबून आहेत हे काम कसे चालते ते सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे.

अपराधी परिविक्षा अधिनियम १९५८ सालचा. त्याच्या कलम ३ खाली चोरी, फसवणूक यांसारखे ठरावीक गुन्हे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे यांत, आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर, न्यायालय ताकीद देऊन सोडू शकते. कलम ४ ची व्याप्ती मोठी आहे. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा न सुनावता जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडता येते. कलम ६ मध्ये २१ वर्षांखालच्यांसाठी तर उलटाच नियम आहे: गुन्ह्याला जन्मठेपेची तरतूद नसेल तर परिविक्षाच द्यायची, आणि तुरुंगात पाठवायचे असेल तर त्याची कारणे लिहायची. या वयोगटासाठी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. कलम ४ मध्ये मात्र ‘अहवाल असल्यास’ तो विचारात घ्यावा, असे शब्द आहेत. त्यामुळे बावीस-पंचवीस वर्षांच्या मजुराचा अहवाल कोणी मागितलाच नाही, तरी कायद्याने कोणाची चूक होत नाही. सगळ्यात जास्त माणसे इथेच निसटतात. ठरलेल्या वारी अधिकारी न्यायालयात हजर असला तर वकील तिथल्या तिथे अर्ज देऊ शकतात.

वकिलांनी आणखी एक गोष्ट वापरायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ प्रमाणे, परिविक्षा देता येत असताना ती नाकारली तर विशेष कारणे निकालपत्रात नोंदवावी लागतात. जुन्या दंड प्रक्रिया संहितेतले कलम ३६१ तेच सांगत होते. शिक्षेवरच्या युक्तिवादात हे कलम नावानिशी घेतले की सुनावणी ‘दया करा’वर अडून राहत नाही.

वयाबाबत एक गैरसमज सर्रास दिसतो. २१ वर्षे मोजायची ती गुन्ह्याच्या दिवशीची नव्हे. रामजी मिस्सर विरुद्ध बिहार राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाने शिक्षेबाबत निर्णय घेतला तो दिवस धरला आहे. खटला चार वर्षे रेंगाळला तर एकोणिसाव्या वर्षी सापडलेला पोरगा तेवीस वर्षांचा होतो आणि कलम ६ चे संरक्षण हातचे जाते. ज्यांची मुले या वयात आहेत त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मनोंदीचा उतारा पहिल्या तारखेलाच वकिलांकडे द्यावा आणि खटला लवकर चालवण्याची विनंती करावी.

परिविक्षा सगळ्याच गुन्ह्यांत मिळत नाही, हेही लोकांना माहीत हवे. रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांतली कित्येक गावे पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत, उमरेड-भिवापूरकडे कऱ्हांडला अभयारण्य आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिकार केल्याचा गुन्हा शाबीत झाला तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ५१(५) प्रमाणे अठरा वर्षांवरच्या माणसाला परिविक्षा नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातही काही अपवाद सोडले तर दार बंद आहे. आणि धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात सगळे डॉक्टरांच्या दाखल्यावर येऊन ठेपते. कुऱ्हाड किंवा विळा लागून साधी दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८(१) खाली तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, म्हणजे परिविक्षा शक्य आहे. त्याच हत्याराने हाड मोडले तर ११८(२) लागते, त्यात जन्मठेपेपर्यंत तरतूद आहे, आणि कलम ४ व कलम ६ दोन्ही गळून पडतात. अशा प्रकरणात अहवालासाठी धावपळ करण्याआधी एक्स-रेचा कागद बघावा.

आता चौकशीबद्दल. जिल्ह्याचे कार्यालय नागपुरात. भिवापूर, नरखेड ही जिल्ह्याची दोन टोके. न्यायालय अहवाल मागवते, पत्र निघते, कार्यालयात पोहोचते, आवक नोंद होते, आणि अधिकाऱ्याच्या हातात पडते तेव्हा पुढची तारीख तोंडावर आलेली असते. मग एकाच फेरीत तीन गावे उरकली जातात आणि घराला कुलूप दिसले की सरपंचाच्या घरी बसून अहवाल लिहिला जातो. असा अहवाल न दिलेला बरा. गुन्हा शाबीत झाला त्याच दिवशी अधिकारी न्यायालयाच्या आवारात असेल तर दहा मिनिटांत निम्मे काम होते: घराची खूण, चालू असलेला फोन क्रमांक (दोषारोपपत्रातला बहुधा बंद असतो), घरी कोण कधी असते, कामाला कोणाकडे जातो, फिर्यादी कुठे राहतो.

गृहभेटीची वेळ शेतीच्या कामावर ठरते. ऑक्टोबर ते जानेवारी कापसाच्या वेचणीत आणि संत्र्याच्या तोडणीत दिवसा घरी कोणीच सापडत नाही, मौदा-रामटेकच्या धानपट्ट्यात जुलै-ऑगस्टच्या रोवणीत तीच गत. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर गेले पाहिजे, आणि सहानंतर गेले की परतीची एसटी मिळत नाही. प्रवासभत्त्याचा प्रश्न म्हणजे अधिकाऱ्याच्या सोयीचा प्रश्न, असे वरिष्ठांना वाटते. खरे तर अहवाल खरा की कागदी, हे त्या भत्त्यावर ठरते.

पोलिसांच्या गाडीतून जाऊ नये. पानठेल्यावर थांबून ‘अमक्याचे घर कोणते’ असे विचारू नये, दुपारपर्यंत गावभर होते. आधी घर, मग मालक किंवा ठेकेदार, मग शेजारची दोन घरे (एक सलोख्यातले, एक न पटणारे), मग फिर्यादी, आणि सर्वांत शेवटी पोलीस पाटील व सरपंच. हा क्रम उलटला तर घरच्यांची उत्तरे आधीच पढवलेली मिळतात. घरात ‘दारू पितो का?’ या प्रश्नाला ‘नाही जी, कधीमधी’ हेच उत्तर येते. त्याऐवजी ‘रोजीचे पैसे कोणाच्या हातात येतात?’ असे आईला किंवा बायकोला विचारावे. ते उत्तर खोटे देणे अवघड असते, आणि दारू, जुगार, कर्ज, धाक सगळे त्यातून बाहेर येते. बचत गटाचा आणि फायनान्सवाल्याचा हप्ता किती, तो कोणत्या वारी भरायचा, हेही विचारून घ्यावे. कित्येक छोट्या चोऱ्यांची तारीख हप्त्याच्या वाराला चिकटलेली असते.

फिर्यादीकडे जाणे बहुतेक जण टाळतात, आणि तिथेच अहवाल लंगडा पडतो. काटोलकडे एप्रिल-मे महिन्यात विहिरीवरची मोटार चोरीला गेली तर नुकसान केवळ मोटारीचे नसते. चोर मोटार फोडून तांबे भंगारात विकतो, हाती येतात किरकोळ पैसे. इकडे संत्र्याच्या आंबिया बहाराच्या झाडांना भर उन्हाळ्यात पाणी चुकते आणि फळगळ होते. परिविक्षा अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे न्यायालय परिविक्षेबरोबरच नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकते. ती किती असावी आणि किती हप्त्यांत देता येईल हे अहवालात असेल तरच तो आदेश होतो. हप्ते दरमहा लावू नयेत. मजुराच्या हाती पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर, वेचणीत, संत्रा तोडणीत. सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) असेल तर पाडव्याच्या हिशेबात. भरपाईच्या तारखा त्याप्रमाणे मागितल्या तर फिर्यादीला पैसे खरेच मिळतात आणि परिविक्षेला त्याचा विरोधही राहत नाही.

अहवालाची भाषा हा मोठाच विषय आहे. ‘आरोपीची घरची परिस्थिती हलाखीची असून त्यास सुधारण्याची एक संधी द्यावी’ हे वाक्य हजारो अहवालांत सापडेल, आणि त्यावर कोणताही न्यायाधीश निर्णय घेऊ शकत नाही. उपयोगी अहवाल साधारण असा असतो: ‘वय २० (दाखल्याप्रमाणे). दहावी नापास. हिवाळा-उन्हाळ्यात वीटभट्टीवर, पावसाळ्यात शेतमजुरी. रोजी आईच्या हाती येते. दारू नाही, खर्रा खातो. सहआरोपीचे भंगाराचे दुकान असून त्याच्याशी उठबस चालू आहे. मामा कळमेश्वर तालुक्यात राहतात, घरी ठेवून घेण्यास तयार, त्यांच्या घरी प्रत्यक्ष भेट दिली. फिर्यादीस मोटार परत मिळालेली नाही. भरपाई दोन हप्त्यांत देण्याची तयारी. सुचवलेल्या अटी: मामाकडे वास्तव्य, सहआरोपीशी संपर्क नाही, एक वर्ष देखरेख.’ आठ-दहा ओळीच, पण प्रत्येक ओळ तपासून घेता येते. जे प्रतिकूल दिसले तेही लिहायचे, नाहीतर उलटतपासणीत सगळाच अहवाल पडतो. अहवाल गोपनीय असतो (कलम ७), तरी न्यायालय त्याचा आशय आरोपीला सांगून त्याचे म्हणणे मांडायची संधी देऊ शकते. तेव्हा शेजाऱ्यांची नावे घालून ‘अमुक म्हणाला’ असे कधीही लिहू नये. त्या माणसाला त्याच गावात राहायचे असते.

फासेपारध्यांच्या बेड्यावर (वस्तीवर) चौकशीला जाताना विशेष काळजी हवी. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ‘यांचा धंदाच तो’ हे वाक्य गावातले चार जण अजूनही सहज बोलून जातात आणि ते अहवालात ‘स्थानिक चौकशीत समजले’ म्हणून उतरते. ऐकीव गोष्ट म्हणून तिला अहवालात जागाच नाही. त्या माणसावर आधीची शिक्षा आहे का, हे पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या नोंदीवरून बघावे. आधीचे नुसते संशयित म्हणून नाव किंवा प्रतिबंधक कारवाई म्हणजे शिक्षा नव्हे.

पुढे येतो जामीनदार. सातबारा असलेला जामीनदार आणा, असे सांगितले की भूमिहीनाची वाट तिथेच बंद होते. गावात सातबारावाले बहुतेक त्याचे मालकच असतात, आणि मालक जामीन राहिला तर पुढची दोन वर्षे हा त्याच्याकडे पडेल त्या रोजीत राबतो. हे अगदी उघड चालते. कायद्याने जामीनदार असलाच पाहिजे असे नाही, कलम ४ मध्ये ‘जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय’ असे स्पष्ट आहे. आरोपीचे राहते ठिकाण किंवा नेहमीचा रोजगार न्यायालयाच्या हद्दीत असावा एवढी अट आहे, आणि ती ग्रामपंचायतीच्या घरकर पावतीवरून किंवा रेशनकार्डावरून दाखवता येते. अहवालातच ‘जामीनदाराशिवाय बंधपत्र पुरेसे’ अशी शिफारस कारणांसह करावी.

आदेश हातात आला की पहिली गोष्ट बघायची ती ही की त्यात देखरेखीचा आदेश आहे का. कित्येकदा बंधपत्र लिहून घेतले जाते आणि देखरेखीचा आदेश राहूनच जातो. तो स्वतंत्र असतो, किमान एक वर्षाचा लागतो, आणि तो नसला तर परिविक्षा अधिकाऱ्याला त्या माणसाच्या दारात जायचा अधिकार उरत नाही. अशा वेळी माणूस घरी, कागद फायलीत, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या गुन्ह्यात नाव आले की सगळे म्हणतात, परिविक्षा कुचकामी. ती दिलीच गेली नव्हती.

देखरेखीच्या अटी कमी आणि पाळता येण्याजोग्या असाव्यात. ‘दर सोमवारी नागपूरच्या कार्यालयात हजेरी’ ही अट नरखेडच्या मजुरावर घातली तर दर आठवड्याला एक रोजी बुडते आणि वर तिकिटाचा खर्च. दोन महिन्यांत तो यायचा थांबतो आणि अट मोडल्याचा शिक्का बसतो. पोलीस ठाण्यातली हजेरीही नको. तालुका न्यायालयातल्या ठरलेल्या वाराला, शक्यतो बाजाराच्या दिवशी, भेट ठेवली तर माणूस एरवीही तालुक्याला आलेलाच असतो. पहिले तीन महिने भेटी दाट हव्यात, निदान पंधरवड्याला एक, आणि त्यातली प्रत्येक दुसरी त्याच्या घरी. घसरण होते ती बहुधा याच काळात, जुने सोबती पुन्हा भेटायला लागतात तेव्हा. नंतर महिन्याला एक पुरे. प्रत्येक भेटीनंतर डायरीत चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, कुठे भेट झाली, या महिन्यात किती दिवस काम मिळाले, पुढच्या भेटीपर्यंत काय ठरले. ‘वर्तणूक समाधानकारक’ ही नोंद महिनोन्महिने चिकटवलेली दिसली तर भेटी झालेल्याच नाहीत असे समजावे.

दारूच्या अटीबद्दल कळकळीने लिहितो. रोज पिणाऱ्या माणसावर ‘आजपासून मद्यपान करणार नाही’ अशी अट घालून त्याला तसेच घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. वर्षानुवर्षांची दारू एकाएकी बंद केली की पहिल्या दोन दिवसांत हात थरथरणे, घाम, झोप उडणे, झटके येणे सुरू होते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेली माणसे-जनावरे दिसतात. घरचे त्याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात, आणि उपचाराची वेळ निघून जाते. अशा माणसासाठी अट लिहितानाच ‘आधी ग्रामीण रुग्णालयात तपासणी, गरज पडल्यास नागपूरच्या मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार’ असा क्रम सुचवावा, आणि पहिला आठवडा घरातल्या एका माणसाला ही लक्षणे समजावून सांगून ठेवावीत. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे, तो त्याच्या नव्हे, बायकोच्या किंवा आईच्या फोनमध्ये टाकून द्यावा. एकदा पिऊन सापडला म्हणून लगेच न्यायालयात अट मोडल्याचा अहवाल पाठवणे आम्हाला योग्य वाटत नाही. उपचार सोडून दिले, घरात मारहाण सुरू झाली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

अट मोडली तर काय होते, याची भीती आणि बेफिकिरी दोन्ही गावात आहेत. कलम ९ प्रमाणे न्यायालय समन्स किंवा वॉरंट काढू शकते, मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकते, किंवा पहिल्या वेळी ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकते. न्यायालयाला हे तीनही मार्ग आहेत हे समोरच्याला पहिल्याच भेटीत सांगावे. स्थलांतराचा घोटाळा तर दरवर्षीचा. पूर्व विदर्भातून मिरची तोडायला तेलंगणात टोळ्या जातात, वीटभट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात. परिविक्षेवरचा माणूस टोळीबरोबर न सांगता गेला की तो फरार ठरतो, खरे तर तो पोटासाठीच गेलेला असतो. कलम ८ खाली परिविक्षा अधिकारी अटी बदलण्याचा अर्ज करू शकतो. मुकादमाचे नाव, फोन, गाव आणि परतीचा महिना लिहून टोळी निघायच्या आधी, म्हणजे डिसेंबरातच, तो अर्ज व्हायला हवा. त्याच कलमात दुसरीही सोय आहे: वर्तणूक चांगली राहिली तर मुदतीआधी बंधपत्रातून मोकळे करता येते. ही सोय जवळपास कोणी वापरत नाही. वापरली तर अधिकाऱ्याच्या डोक्यावरची प्रकरणे कमी होतील आणि दुसऱ्यांना वेळ देता येईल.

अठरा वर्षांखालच्या मुलांची वाट वेगळी आहे: बाल न्याय मंडळ, आणि मूल पहिल्यांदा मंडळासमोर आल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल. त्याबद्दल इथे एवढेच, की मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून शाळेत चौकशीला गेल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक शब्दही निघता कामा नये, आणि गावातल्या व्हॉट्सॲप गटावर त्याचा फोटो टाकणारेही कायद्याच्या कचाट्यात येतात.

आता नवीन कायद्याने आणलेल्या समाजसेवेच्या शिक्षेबद्दल. भारतीय न्याय संहितेत सहा गुन्ह्यांना ती आहे. गावात वारंवार लागू होतील असे त्यात दोन: दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणे (कलम ३५५) आणि पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी, वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली असल्यास (कलम ३०३(२)). दुसऱ्यात पंचनाम्यातली किंमत फार मोलाची ठरते. एक क्विंटल सोयाबीन घ्या. हमीभाव २०२४-२५ साली ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ साली ५,३२८ झाला. हमीभाव धरला तर तीच चोरी एका वर्षी मर्यादेच्या आत, पुढच्या वर्षी बाहेर. बाजारात भाव पडलेला असला तर पुन्हा आत. म्हणून पंचनाम्यात अंदाजे आकडा न टाकता त्या दिवसाचा बाजार समितीचा दर आणि प्रत्यक्ष वजन लिहिले पाहिजे. बचावाच्या वकिलांनीही दर काढून आणावा.

सेवा किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे न्याय संहितेत लिहिलेले नाही. काम समाजाच्या उपयोगाचे आणि बिनमोबदला असावे, एवढेच नागरिक सुरक्षा संहितेत आहे. तेव्हा तपशील आदेशातच यायला हवा, आणि तो सुचवणारा माणूस म्हणजे पुन्हा परिविक्षा अधिकारी. आमच्या मते सेवा दिवसाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त नको, रोजी बुडणार नाही अशा वेळी हवी, आणि मार्च ते जूनमध्ये अकरा ते चार बिलकूल नको, कारण नागपूरच्या उन्हात शिक्षेपायी उष्माघात होणे कोणालाच परवडणारे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचे आवार, रोपवाटिका, शाळेची पावसाळ्याआधीची डागडुजी, वाचनालय अशी कामे चालतील. नाली आणि संडास साफ करण्याचे काम देऊच नये. पिढ्यान्‌पिढ्या ते ज्यांच्या माथी मारले गेले त्यांच्याच वाट्याला ते पुन्हा येते, आणि बाकीच्यांसाठी ते अपमानाचे हत्यार होते. सरपंचाच्या वावरात निंदण करून घेणे, काम चालू असताना फोटो काढून गटावर टाकणे, हे दोन्ही आदेशातच मना करावे. हजेरीच्या कागदावर तारीख, सुरू-बंद झाल्याची वेळ, केलेले काम आणि दोघांच्या सह्या हव्यात. रकाना कोरा राहिला की पुढे सेवा केली नाही असा ठपका येतो, आणि सेवा न केल्याबद्दल साधी कैद होऊ शकते.

शेवटी, मुदत संपल्यावरचे. परिविक्षा मिळाली म्हणजे निर्दोष सुटलो, असे समजून पोरे पोलीस भरतीच्या किंवा सुरक्षारक्षकाच्या अर्जात ‘गुन्हा नाही’ असे लिहून मोकळी होतात. गुन्हा शाबीत झालेलाच असतो. परिविक्षा अधिनियमाचे कलम १२ फक्त एवढे सांगते की त्या दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्याने येणारी अपात्रता लागू होणार नाही. चारित्र्य पडताळणीत प्रकरण निघतेच, आणि मग मूळ चोरीपेक्षा माहिती लपवल्याचा मुद्दा नोकरी घालवतो. म्हणून बंधपत्राची मुदत संपताच मूळ आदेशाची प्रमाणित प्रत आणि देखरेख पूर्ण झाल्याचे परिविक्षा अधिकाऱ्याचे पत्र काढून घ्यावे, अर्जातल्या रकान्यात खरे तेच लिहावे, आणि ‘अपराधी परिविक्षा अधिनियम, कलम ४ अन्वये मुक्त, कलम १२ लागू’ असे नमूद करून दोन्ही कागद जोडावेत.

आपले नम्र,
निवृत्त परिविक्षा अधिकारी,
नागपूर